नळाचे पाणी व घरगुती जलशुद्धीकरण

नळाचे पाणी व घरगुती जलशुद्धीकरण : सार्वजनिक योजनेतून नळावाटे घरोघरी येणाऱ्या पाण्याची पिण्यायोग्यता आणि ते पिण्यापूर्वी घरी पुन्हा शुद्ध करण्याच्या पद्धती असे या विषयाचे दोन भाग पडतात. पाणी निर्मळ दिसणे आणि ते निर्धोक असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे ज्ञान सु. दीडशे वर्षांपूर्वीचे आहे. त्याआधी पाण्याची पारख रंग, वास व चव यांवरून होई आणि ते शुद्ध करणे हे प्रत्येक घराचे काम समजले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळयोजना आल्या, जंतुशास्त्राचा उदय झाला आणि ही जबाबदारी घराकडून नगरपालिकेकडे गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस शहरांतील घरांत विजेवर चालणारी शुद्धीकरण यंत्रे आली आणि जबाबदारीचा काही भाग पुन्हा घराकडे परतला. या स्थित्यंतराचा इतिहास, विशेषतः मुंबई व महाराष्ट्र यांच्या संदर्भात, प्रस्तुत नोंदीत दिला आहे.

पूर्वपीठिका : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय सांगितले आहेत. त्यांत कतक म्हणजे निवळीच्या बिया, गोमेद, कमळाचे कंद, शेवाळाची मुळे, वस्त्र, मोती व मणी यांचा समावेश होतो. दूषित पाणी अग्नीवर उकळावे, उन्हात तापवावे किंवा त्यात तापलेला लोखंडाचा गोळा विझवावा, असेही तेथे सुचविले आहे. निवळीची बी खडबडीत भांड्याच्या आतल्या बाजूस उगाळून त्यात पाणी भरण्याची चाल महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. बीमधील द्रव्यांमुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात व तळाशी बसतात. तुरटी फिरविल्यानेही हेच घडते. आधुनिक शुद्धीकरण केंद्रात तुरटी मिसळून गाळ खाली बसविण्याची जी पहिली पायरी असते, तिचे तत्त्व यापेक्षा वेगळे नाही.

पाणी वस्त्रगाळ करून पिण्याची प्रथा धर्मशास्त्रात व जैन आचारात दृढ झाली होती. तिच्यामागील हेतू मुख्यतः जीवहिंसा टाळण्याचा असला, तरी तिचा आरोग्यास खरा लाभ होत असे. नारू या रोगाचे डिंभ पाण्यातील सायक्लोप्स नावाच्या अतिसूक्ष्म कवचधारी प्राण्याच्या शरीरात असतात व तो दाट विणीच्या कापडात अडकतो. नारू निर्मूलनाच्या मोहिमेत पाणी गाळण्यावर जो भर देण्यात आला, तो याच कारणाने. भारतातील अखेरचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. बांगला देशात झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जुन्या सुती साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळल्यास पटकीचे प्रमाण सु. निम्म्याने घटते, असे दिसून आले. पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात, ते घड्यांत अडकतात. मात्र सुटे जंतू व विषाणू कापडातून सहज पार होतात.

सार्वजनिक पाणीपुरवठ्याचीही परंपरा महाराष्ट्रात होती. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेली नहर-ए-अंबरी आणि पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या (१७२१–६१) कारकीर्दीत कात्रजच्या तलावापासून आणलेला नळ ही तिची ठळक उदाहरणे होत. पाणी भूमिगत मार्गाने, जागोजागी उसासे ठेवून, शहरातील हौदांत आणले जाई. वाटेत व हौदात गाळ खाली बसे, पण याहून अधिक शुद्धीकरण होत नसे. हौदातून घरी नेलेले पाणी गाळणे, निवळणे व तांब्याच्या हंड्यात किंवा मातीच्या माठात साठविणे हे घरातील स्त्रियांचे काम होते. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील जंतूंची संख्या घटते, हे आधुनिक प्रयोगांतही दिसून आले आहे.

जंतुशास्त्राचा उदय : मोठ्या प्रमाणावर पाणी गाळण्याची आधुनिक पद्धत ब्रिटनमध्ये सुरू झाली. स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे १८०४ मध्ये आणि लंडनमध्ये चेल्सी जलकंपनीसाठी जेम्स सिंप्सन यांनी १८२९ मध्ये वाळूच्या गाळण्या बांधल्या. पाण्याचा गढूळपणा काढणे एवढाच त्यांचा उद्देश होता. १८५४ मध्ये जॉन स्नो (१८१३–५८) यांनी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागातील पटकीच्या साथीचा संबंध तेथील सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी जोडून दाखविला. रोबेर्ट कॉख (१८४३–१९१०) यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखविले, तेव्हा स्नो यांच्या अनुमानास प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

१८९२ साली जर्मनीतील हँबर्ग शहरात पटकीने ८,००० हून अधिक माणसे दगावली. हे शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता पुरवीत असे. त्याला लागूनच असलेले आल्टोना हे शहर त्याच नदीचे, तेही प्रवाहाच्या खालच्या बाजूचे म्हणजे अधिक दूषित पाणी वाळूतून गाळून घेत होते. तेथे साथ फारशी पसरली नाही. वाळूच्या वरच्या थरावर सूक्ष्मजीवांचा जो बुळबुळीत पापुद्रा तयार होतो, तो रोगजंतूंना अडवितो, हे यानंतर सर्वमान्य झाले.

भारतात अर्नेस्ट हँकिन (१८६५–१९३९) यांनी पटकीच्या साथीत विहिरींमध्ये पोटॅशियम परमँगॅनेट टाकण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. क्लोरीनचा वापर मात्र अधिक निर्णायक ठरला. इंग्लंडमधील लिंकन येथे १९०५ मध्ये आंत्रज्वराच्या साथीत आणि अमेरिकेतील जर्सी सिटी येथे १९०८ पासून शहराच्या पाण्यात क्लोरीनची संयुगे नियमित मिसळण्यात आली. क्लोरीनचे वैशिष्ट्य असे की, जंतू मारल्यावर उरलेला अंश पाण्यात काही काळ टिकतो व नळातील पुढील प्रवासातही पाण्याचे रक्षण करतो. हा अवशिष्ट क्लोरीन नळयोजनेचा खरा पहारेकरी होय.

याच काळात घरगुती गाळणीही शास्त्रीय पायावर उभी राहिली. पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां (१८५१–१९०८) यांनी १८८४ मध्ये न झिलई दिलेल्या चिनी मातीची नळी गाळणी म्हणून वापरली. १८९१ च्या सुमारास जर्मनीत बेर्केफेल्ट गाळणी निघाली. तिची नळी डायाटमी मातीची होती. भारतीय घरांत पुढे रूढ झालेली, दोन कप्प्यांची व पांढऱ्या ‘कँडल’ची गाळणी या दोहोंचीच वंशज होय.

मुंबईचा पाणीपुरवठा : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरी व तलाव यांवर अवलंबून होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, दोन टाकी, मुंबादेवी अशी आजची स्थलनामे त्या काळाची साक्ष देतात. वस्ती दाट होत गेली तसे हे पाणी अपुरे व दूषित होत गेले. १८५४ च्या टंचाईत गुरे शहराबाहेर न्यावी लागली व पाणी बाहेरून आणावे लागले. यानंतर हेन्री कॉनिबिअर यांच्या योजनेनुसार साष्टीतील विहार येथे १८५६ मध्ये धरणाचे काम सुरू झाले व १८६० पासून त्याचे पाणी नळांतून शहरात येऊ लागले. त्यातून रोज सु. ३२ दशलक्ष लिटर पाणी मिळे. १८७९ मध्ये तुळशी तलावाची भर पडली. पुढे मलबार हिल व भंडारवाडा येथील जलाशयांना जोडून वाळूच्या गाळण्या बांधण्यात आल्या. घाईने बांधलेल्या पवई तलावाचे (१८९१) पाणी पिण्यास योग्य न ठरल्याने त्याचा पिण्यासाठी उपयोग थांबवावा लागला. जवळचा साठा मिळाला तरी तो पिण्यायोग्य असेलच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

१८९२ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा तलावाचे पाणी सु. १०० किमी. अंतरावरून शहरात पोहोचले. पाणलोट क्षेत्र जंगलाचे व जवळजवळ निर्मनुष्य असल्याने ते मुळातच बरेच शुद्ध होते. उगमाचे रक्षण हाच शुद्धीकरणाचा पहिला व सर्वांत स्वस्त उपाय होय, हे तत्त्व मुंबईच्या योजनांत येथून पुढे कायम राहिले. वैतरणा नदीवरील मोडक सागर (१९५७), ऊर्ध्व वैतरणा (१९७३), भातसा (१९८१) व मध्य वैतरणा (२०१४) हे जलाशय याच डोंगराळ, अतिवृष्टीच्या प्रदेशातील आहेत.

शहरातील जुन्या विहिरींचा शेवट जलदूषणाप्रमाणेच हिवतापामुळेही झाला. सी. ए. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात विहिरी व टाक्यांत वाढणाऱ्या अॅनॉफिलीस स्टीफेन्सी या डासाकडे बोट दाखविले. त्यानंतर अनेक विहिरी बुजविण्यात वा झाकण्यात आल्या. धार्मिक कारणांसाठी विहिरीचे पाणी वापरणाऱ्या पारशी, हिंदू व जैन रहिवाशांनी यास हरकत घेतली होती. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर (१७२५) अशा मोजक्या विहिरी टिकून राहिल्या. विहिरी गेल्यावर नळ हाच बहुसंख्य मुंबईकरांचा एकमेव आधार उरला.

तानसा व वैतरणा येथील पाण्याचा मोठा भाग दीर्घकाळ न गाळता, केवळ क्लोरीन मिसळून पुरविला जाई. त्यामुळे पावसाळ्यात नळाला तांबूस गढूळ पाणी येई व चाळीतील नळाच्या तोंडाला फडके बांधलेले दिसे. १९८० च्या सुमारास भांडुप येथे रोज १,९१० दशलक्ष लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. ते त्या काळी आशियातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक होते. भातसाचे पाणी पांजरापूर येथे शुद्ध केले जाते. तुरटीवर्गीय रसायने मिसळून कणांचे पुंजके बनविणे, निवळण टाकीत ते खाली बसविणे, वाळूतून जलद गाळणे व शेवटी क्लोरीन देणे हा तेथील क्रम आहे. शहरास आज रोज ३,८०० दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी पुरविले जाते. शुद्धीकरणानंतरही नळाच्या तोंडाचे फडके सर्वत्र सुटले नाही. त्यात सवयीचा भाग असला, तरी पुढील परिच्छेदांत सांगितलेले कारणही आहे.

पाण्यावरील हक्क : शुद्धतेच्या कल्पनेला आपल्याकडे एक सामाजिक बाजू होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) व त्यांच्या अनुयायांनी महाड येथील चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर सनातन्यांनी ते पंचगव्याने ‘शुद्ध’ करून घेतले. ज्या शतकात पाण्यातील जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले होते, त्याच शतकात माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते अशी समजूत प्रचलित होती आणि तिच्यापायी लाखो लोकांस गावातील चांगल्या पाण्यापासून दूर ठेवले जात होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये तळ्याबाबतचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. पाणी शुद्ध असणे आणि ते सर्वांस मिळणे हे प्रश्न परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत.

केंद्रापासून नळापर्यंत : शुद्धीकरण केंद्रातून पाणी निर्दोष बाहेर पडले, तरी ते नळावर तसेच पोहोचेल याची शाश्वती नसते. उलट, केंद्रातच एखादा दोष नजरेआड राहू शकतो. दिल्ली येथील १९५५-५६ ची काविळीची साथ या दुसऱ्या प्रकारचे प्रसिद्ध उदाहरण आहे. यमुनेचे पात्र बदलल्याने नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथील पाणी उचलण्याच्या ठिकाणी शिरले. केंद्रातील कर्मचाऱ्यांनी तुरटी व क्लोरीन यांचे प्रमाण वाढविले. त्यामुळे जंतुजन्य आंत्ररोगांत लक्षणीय वाढ झाली नाही. पण पुढे डिसेंबर व जानेवारीत सु. २९,००० लोकांस कावीळ झाली. साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या नंतरच्या तपासणीवरून हा रोग पूर्वी समजला गेला तसा ‘अ’ प्रकारच्या यकृतशोथाचा नव्हता, असे १९८० मध्ये स्पष्ट झाले. तो आज हेपटायटिस ई या नावाने ओळखला जातो. जंतूंसाठी पुरेशी ठरलेली प्रक्रिया विषाणूंसाठी पुरेशी असतेच असे नाही, हे या साथीने दाखविले. महाराष्ट्रात २०१२ मध्ये इचलकरंजी येथे याच रोगाची मोठी साथ आली होती.

पहिल्या प्रकारच्या धोक्याचे मूळ खंडित पुरवठ्यात आहे. भारतातील बहुतेक शहरांत नळाला दिवसातून काही तासच पाणी येते. काही गावांत ते अनेक दिवसांआड येते. नळ्या भरलेल्या असताना आतील दाबामुळे पाणी गळतीच्या जागांतून बाहेर पडते. पुरवठा बंद झाला की नळ्यांतील दाब नाहीसा होतो आणि त्याच छिद्रांतून भोवतालचे पाणी आत झिरपते. शेजारून गटार वाहत असेल किंवा जोडणी गटारातून नेलेली असेल, तर मैलापाणी थेट नळीत शिरते. नळाला थेट पंप लावून पाणी खेचल्यास हा धोका आणखी वाढतो. पाणी सुटल्यावर येणारी पहिली धार म्हणूनच सर्वाधिक संशयास्पद असते. हुबळी-धारवाड येथे अखंड व खंडित पुरवठ्याच्या भागांची तुलना करणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही भागांस एकाच प्रकारे शुद्ध केलेले पाणी मिळत असूनही खंडित पुरवठ्याच्या भागात विष्ठाजन्य जंतू अधिक वेळा आढळले व पावसाळ्यात त्यांचे प्रमाण वाढले.

नळीतून घरी आलेले पाणी गच्चीवरील वा जमिनीखालील टाकीत साठते. टाकीला भेगा असतील, झाकण नसेल किंवा ती वर्षानुवर्षे धुतली नसेल, तर क्लोरीनचा अवशेष संपतो व जंतू वाढतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. काहींच्या नमुन्यांत कँपिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि त्या भागातील पाण्याच्या स्रोतांकडे लक्ष वेधले गेले. शहरांच्या कडेला वाढणाऱ्या ज्या वस्त्यांत विहीर, टँकर, नळ व खाजगी विक्रेते असे अनेक स्रोत एकाच वेळी वापरात असतात, तेथे पाण्याच्या गुणवत्तेची जबाबदारी निश्चित करणे अवघड होते, हे या घटनेने पुन्हा पुढे आणले.

प्रमाणके व परीक्षण : पिण्याच्या पाण्याचे भारतीय प्रमाणक (आय. एस. १०५००) १९८३ मध्ये प्रथम निघाले. १९९१ व २०१२ मध्ये त्याची पुनर्रचना झाली. त्यानुसार १०० मिलि. पाण्यात ई. कोलाय हा विष्ठादर्शक जंतू मुळीच आढळता कामा नये. विरघळलेले एकूण घन पदार्थ लिटरला ५०० मिग्रॅ. पर्यंत स्वीकार्य असून दुसरा स्रोत नसेल, तर २,००० मिग्रॅ. पर्यंत चालतात. फ्ल्युओराइडासाठी या मर्यादा अनुक्रमे १ व १·५ मिग्रॅ. आहेत. नायट्रेटाची मर्यादा ४५ मिग्रॅ. आहे आणि तिला सवलत नाही. नळावरील पाण्यात अवशिष्ट क्लोरीन लिटरला किमान ०·२ मिग्रॅ. असावा लागतो.

क्लोरीनचा हा अवशेष जागेवरच तपासता येतो. ग्रामपंचायतींत परिचित असलेल्या ओ. टी. चाचणीत ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाल्यास क्लोरीन आहे असे समजतात. ऑर्थोटोलिडीन आरोग्यास अपायकारक असल्याने आता गुलाबी रंग देणाऱ्या डी. पी. डी. या रसायनास प्राधान्य दिले जाते. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये विष्ठाजन्य दूषणासाठी एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. रसायनयुक्त कागदाची पट्टी असलेल्या बाटलीत पाणी भरून ठेवल्यावर ते काळे पडले, तर ते दूषित समजावे, असे तिचे स्वरूप आहे. शहरांत विक्रेते जे छोटे विद्युत् मापक पाण्यात बुडवून दाखवितात, ते मात्र केवळ विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. त्याचा जंतूंशी काहीही संबंध नाही. मैलापाणी मिसळलेल्या पाण्याचा आकडा कमी, तर निर्धोक विहिरीच्या पाण्याचा आकडा जास्त येऊ शकतो.

घरगुती पद्धती : घरगुती शुद्धीकरणाची प्रत्येक पद्धत विशिष्ट दोषच दूर करते. म्हणून आपल्या पाण्यात कोणता दोष आहे, हे कळल्याशिवाय पद्धतीची निवड करता येत नाही.

उकळणे हा जंतू, विषाणू व आमांशाचे परजीवी या सर्वांवर खात्रीचा उपाय आहे. पाणी खळखळून उकळावे व त्याच भांड्यात झाकून निवू द्यावे. उकळल्याने क्षार, फ्ल्युओराइड वा नायट्रेट जात नाहीत. उलट, वाफ गेल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. इंधनाचा खर्च ही या पद्धतीची मोठी अडचण होय.

क्लोरीनचे द्रावण किंवा गोळ्या हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पाणी आधी गाळून निवळून घ्यावे व क्लोरीन टाकल्यावर अर्धा तास थांबावे, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जाते. ग्रामीण महाराष्ट्रात विहिरी व टाक्या यांत टीसीएल पावडर म्हणजे विरंजक चूर्ण वापरतात. ते उघडे राहिल्यास निःसत्त्व होते, त्यामुळे त्याच्या साठवणुकीकडे लक्ष द्यावे लागते. पारदर्शक बाटलीतील निवळ पाणी सहा तास कडक उन्हात ठेवण्याची पद्धतही परिणामकारक आहे. तिचा पाया बैरूत येथील विद्यापीठात १९८० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांनी घातला.

कँडलची गाळणी गाळ व बहुतेक जंतू अडविते, पण विषाणू तिच्या छिद्रांहून कितीतरी लहान असल्याने पार होतात. कँडलला बारीक तडा गेल्यास जंतूही पार होतात. ती वरचेवर मऊ ब्रशने धुवावी लागते. क्रियाशील कार्बन क्लोरीनचा वास, रंग व काही सेंद्रिय द्रव्ये शोषून घेतो. तो वेळेवर न बदलल्यास त्याच्यावरच जंतू वाढतात.

१९८० नंतर शहरी घरांत जंबुपार किरणांची यंत्रे आली. हे किरण जंतू व विषाणू यांची पुनरुत्पादनक्षमता नष्ट करतात. मात्र पाणी निवळ असावे लागते, वीज लागते आणि क्लोरीनप्रमाणे पुढील रक्षण करणारा कोणताही अवशेष पाण्यात उरत नाही.

‘आरओ’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी व्यस्त तर्षणाची पद्धत सिडनी लोब व श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित केलेल्या पटलावर आधारलेली आहे. तिचा मूळ हेतू खारे पाणी गोडे करणे हा होता. दाबाखाली पाणी पटलातून पार होते व क्षार मागे राहतात. विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात किंवा चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील फ्ल्युओराइडयुक्त विहिरींच्या पाण्यासाठी ही पद्धत उपयुक्त आहे. फ्ल्युओराइडासाठी नागपूरच्या नीरी या संस्थेने १९७० नंतरच्या दशकात तुरटी व चुना वापरणारी, कमी खर्चाची नलगोंडा पद्धतही विकसित केली. मुंबईच्या तलावांचे पाणी मात्र मुळातच कमी क्षारांचे आहे. तेथे व्यस्त तर्षणाने साधत काहीच नाही आणि एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर वा त्याहून अधिक पाणी मोरीत जाते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये, विरघळलेले घन पदार्थ लिटरला ५०० मिग्रॅ. पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी या यंत्रांस मनाई करण्याचे निर्देश केंद्र शासनास दिले, ते याच कारणाने.

पद्धत कोणतीही असली, तरी शुद्ध केलेले पाणी साठविताना पुन्हा दूषित होऊ शकते. अरुंद तोंडाचे, झाकणाचे व तोटी असलेले भांडे वापरणे, तोटी नसेल तर लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढणे आणि भांड्यात हात न बुडविणे या साध्या सवयींवाचून महागडे यंत्रही निष्फळ ठरते.

मूल्यमापन : घरगुती यंत्र हे सार्वजनिक शुद्धीकरणास पूरक आहे. ते त्याची जागा घेऊ शकत नाही. यंत्रातून दिवसाकाठी निघणारे काही लिटर पाणी पिण्यापुरते असते. भांडी धुणे, दात घासणे, भाजी धुणे व लहान मुलांची आंघोळ यांसाठी नळाचेच पाणी वापरले जाते. शिवाय यंत्राची किंमत व देखभाल ज्यांना परवडत नाही, त्यांच्याच वस्तीत नळ्या बहुधा गटाराजवळून जातात व पाणी थोडाच वेळ येते. संपन्न घरांनी आपापली यंत्रे बसविल्यावर सार्वजनिक पाण्याविषयी तक्रार करणारा, नगरपालिकेस जाब विचारणारा वर्ग कमी होतो आणि दोष दुरुस्त होण्यास विलंब लागतो. अखंड पुरवठा अशक्य नाही. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरसारख्या लहान गावानेही मीटर बसवून व गळती रोखून चोवीस तास पाणी देण्याची योजना यशस्वी करून दाखविली. उगमाचे रक्षण, केंद्रातील शुद्धीकरण, सतत दाबाखाली असलेल्या नळ्या, अवशिष्ट क्लोरीनची रोजची तपासणी व तिचे निष्कर्ष नागरिकांस उपलब्ध असणे ही साखळी पूर्ण असेल, तेथे घरातील पाण्याला झाकलेल्या स्वच्छ भांड्यापलीकडे फारशा साधनांची गरज उरत नाही.